विश्लेषण : टॉवर नसलेल्या नेटवर्कमध्ये आधी कोणी बोलायचे?

भूकंप किंवा पुरात मोबाइल टॉवर बंद पडले, तरी बचाव पथकांची उपकरणे थेट एकमेकांशी जोडता येतात. एकाचा संदेश दुसरा पुढे पाठवतो, दुसऱ्याचा तिसरा. हे ‘मोबाइल अ‍ॅडहॉक नेटवर्क’. मात्र टॉवर नाही म्हणजे कोणी कधी बोलायचे हे ठरवणाराही नाही. हवा एकच आणि बोलणारे अनेक! त्यांची पाळी ठरवणारे नियम म्हणजे ‘मीडियम अ‍ॅक्सेस कंट्रोल’, थोडक्यात ‘मॅक’. हे नियम फसले, तर रेडिओ सुरू आणि बॅटरी भरलेली असूनही संदेश पोहोचत नाही.

सुरुवात कशी झाली?

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झाले. नियम साधा होता : हवे तेव्हा पाठवा, पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा पाठवा. या पद्धतीत वाहिनीची फार तर १८ टक्के क्षमता कामी येते. ठरावीक ठोक्यालाच पाठवायचे बंधन घातले, तर ३७ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर आली ती आधी कानोसा घेण्याची पद्धत. वाहिनी मोकळी असेल तरच बोलायचे.

कानोसा घेऊनही टक्कर का?

कारण कानोसा घेतो पाठवणारा, पण टक्कर होते ऐकणाऱ्यापाशी. ढिगाऱ्याच्या दोन टोकांना दोन जवान आहेत आणि मध्ये त्यांचा प्रमुख. टोकाच्या दोघांना एकमेकांचे सिग्नल मिळत नाहीत. दोघांनाही वाहिनी मोकळी वाटते, दोघेही एकाच वेळी पाठवतात आणि प्रमुखाला एकाचेही धड कळत नाही. टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच ही ‘लपलेल्या स्थानका’ची अडचण मांडली होती.

त्यावर उपाय सुचवला तो हौशी रेडिओच्या जगातील फिल कार्न यांनी, १९९० मध्ये. मोठा संदेश धाडण्याआधी ‘पाठवू का?’ असे छोटे विचारायचे. समोरच्याने ‘पाठव’ म्हटले, की ते ऐकणारे त्याच्या आसपासचे सगळे गप्प बसतात. म्हणजे शांतता हवी तिथेच, ऐकणाऱ्याभोवती. वाय-फायच्या १९९७ च्या पहिल्या मानकात ही सोय ऐच्छिक स्वरूपात आली.

मग प्रश्न सुटला का?

नाही. परवानगीलाही वेळ लागतो. संदेश चार शब्दांचा असेल तर ही विचारपूसच महाग पडते. शिवाय मजल-दरमजल पुढे जाणारा संदेश स्वतःच्याच मागून येणाऱ्या संदेशाला अडवतो. अशा साखळीत आदर्श स्थितीतही वाहिनीच्या एक चतुर्थांश क्षमतेच्या पुढे जाता येत नाही. वाय-फायच्या नियमांनी ती साधारण एक सप्तमांशावर येते, असे एमआयटीच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले.

अन्यायाचा मुद्दाही आहे, आणि तो कमी चर्चिला जातो. टक्कर झाली की थांबण्याच्या मुदतीची कमाल मर्यादा दर वेळी जवळपास दुप्पट होते. यशस्वी झालेल्याची मात्र पुन्हा किमान. त्यामुळे जिंकणारा जिंकत राहतो आणि नेमका अडचणीत सापडलेला मागे पडतो. १९९४ च्या ‘मॅकॉ’ प्रस्तावात शेजाऱ्यांनी ही मुदत एकमेकांना कळवून समान ठेवावी, असे सुचवले होते.

प्रत्येकाला वेळेची ठरावीक फट नेमून देणे, हा दुसरा मार्ग. टक्कर टळते, पण घड्याळे जुळलेली हवीत. त्यातच जवान किंवा वाहन पुढे सरकले की शेजारी बदलतात आणि वाटणी पुन्हा करावी लागते. तीही त्याच हवेतून.