नोकरी सुटली, एमबीएचा अर्ज मात्र चालू

कापडाच्या धंद्यात मंदी आली की पहिली कात्री नोकरमाणसावर चालते, हे आम्हा व्यापाऱ्यांना नवे नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कितीतरी कामगार गिरणीत परतलेच नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात 50 टक्क्यांवर नेली, तेव्हा निर्यातीच्या ऑर्डरी अडकल्या. या वेळी घरी बसलेल्यांत आपले शिकलेले तरुणही होते.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने सप्टेंबरात कॅटचा अर्ज भरला, ऑक्टोबरात तयार कपड्यांच्या कंपनीतली नोकरी गेली. परीक्षा 30 नोव्हेंबरला. घरच्यांचा सल्ला असा की मुलाखतीत 'नोकरी चालू आहे' म्हणून मोकळा हो. आम्ही साफ मनाई केली. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल उघड करणारी हदीस आपण दुकानात बसून ऐकवतो, ती काय फक्त धान्यवाल्यांसाठी आहे?

शिवाय लबाडी पचतही नाही. संस्था कागद तपासतात. बंगळूरच्या आयआयएममध्ये निवड करताना अनुभवाला गुण आहेत, म्हणजे महिने मोजले जाणारच. नोकरी सुटताच कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला, पगाराच्या पावत्या हातात घ्याव्यात. पुढे साहेब लोक फोन उचलत नाहीत. सुटल्याची तारीख संस्थेला लेखी कळवावी.

मुलाखतीत दोन वाक्ये पुरतात: ऑर्डरी थांबल्या, आमचा विभाग बंद झाला. मालकाची निंदा करू नये. खरा प्रश्न पुढचा असतो, मग इतके महिने काय केले? इथे बरेच जण अडखळतात. हा मुलगा सकाळी अभ्यास करून दुपारी मामाच्या ग्रे कापडाच्या पेढीवर बसत होता. माल गेल्यावर पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात आणि तोवर सुताचे बिल भरायचे कुठून, हे त्याने वहीत पाहिले. मुलाखतीत त्याने नोकरीचे खरे सांगितले, आणि पुढचे बोलणे सगळे उधारीवर झाले. पेढीवरचे हे काम त्याने 'घरच्या धंद्यात मदत' म्हणूनच सांगितले, नोकरी म्हणून नाही.

एका परीक्षेवर मात्र बसू नये. महाराष्ट्राची सीईटी आहे: 200 प्रश्न, 150 मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मुंबईची 1965 साली स्थापन झालेली जमनालाल बजाज संस्था याच वाटेने मिळते आणि फी आयआयएमच्या मानाने बरीच कमी.

राहिला पैसा. कंपनीकडून हिशेबात जी रक्कम आली ती लग्नकार्यात घालणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ती वेगळ्या खात्यात ठेवावी. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. व्याज टाळणाऱ्यांनी जमातीच्या ट्रस्टांकडे आधीच चौकशी करावी, कारण प्रवेशाचे पत्र आल्यावर फी भरायला फार दिवस मिळत नाहीत.