घराची निगा : लेखांक सातवा – फरशीखालची ओल

गेल्या लेखांकात भिंतींतून वर चढणाऱ्या ओलीचा विचार झाला. आता घर आणि जमीन यांच्यामधल्या जागेत मुक्काम ठोकणाऱ्या ओलीकडे वळावयाचे आहे. आपल्याकडे दगडमातीने भरून काढलेल्या जोत्यावर घर उभे राहते, त्यामुळे जोत्याच्या पोटात शिरण्याचा प्रसंगच उद्भवत नाही; परंतु अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, जेथे रॅली-केरीच्या परिसरात पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, अनेक घरांच्या लाकडी तुळयांखाली माणसाला जेमतेम रांगता येईल अशी पोकळी असते, आणि तिला क्रॉल स्पेस हे नावही त्या रांगण्यावरूनच पडले आहे.

या पोकळीच्या भिंतींत जाळीचे झरोके ठेवण्याचा शिरस्ता जुना असून, दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झरोका, हे प्रमाण नियमावलीत आजही ठाण मांडून आहे. वारा खेळला की ओल हटते, ही समजूत कोरड्या हवेपुरती खरी. मात्र जुलैतील तेथील दमट दुपारी तीच उलटते. ३२ अंश सेल्सियसची, ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा सुमारे साडेचोवीस अंशांपर्यंत निवताच संपृक्त होते. म्हणजे झरोक्यातून आत आलेल्या त्या हवेला बावीस अंशांची तुळई अथवा शीतयंत्राची थंडगार नळी भेटली, की गार पाण्याच्या तांब्यासारखा तिला घाम फुटतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आत राखावे, असा जाणकारांचा दंडक आहे. ते दीर्घकाळ ३० टक्क्यांच्या आसपास राहिल्यास कुजविणाऱ्या बुरशीला मोकळे रान मिळते.

१९९९ च्या फ्लॉइड वादळात बुडालेल्या प्रिन्सव्हिल गावी, रॅलीच्या ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने पुढे बारा घरांवर केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. झरोक्यांच्या घरांतही मातीवर प्लॅस्टिक अंथरलेले होते. तरी उन्हाळ्यात त्यांच्या पोकळ्या दमट राहिल्या, आणि झरोके बुजविलेल्या घरांच्या पोकळ्या कोरड्या राहून त्यांचा तापविण्या-थंडविण्याचा खर्चही सरासरी १५ टक्के किंवा अधिक घटला.

तथापि झरोके बुजविण्याची घाई करू नये. प्रथम पन्हळीचे पाणी पायापासून दूर सोडावे आणि अंगणाचा उतार घराबाहेर करावा. हे न करता आत कितीही किमती आच्छादन घातले, तरी तो पैसा पाण्यात गेला असे समजावे, आणि विक्रेते नेमकी हीच गोष्ट सांगावयास विसरतात! त्यानंतर किमान ६ मिल, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे पॉलिथिन मातीवर अंथरावे, सांध्यांवर सहा इंच चढवून चिकटवावे आणि भिंतीवरही तितकेच वर न्यावे. भिंतीला उष्णतारोधक लावल्यास माथ्याशी तीन इंचांची पट्टी उघडी सोडावी. वाळवीने मातीची नळी बांधत वर कूच केले आहे काय, हे तपासनिसाला बॅटरीच्या उजेडात तेथेच दिसते. पुढे पोकळी कोरडी ठेवण्यासाठी थोडी सुकविलेली हवा आत सोडण्याची अथवा आर्द्रताशोषक यंत्राची तजवीज हवीच.

एक बाब मात्र निक्षून सांगितली पाहिजे. पोकळीत गॅसवर चालणारी भट्टी अथवा पाणी तापविण्याचे यंत्र असेल, तर ज्वलनास लागणारी हवा त्याला बाहेरून स्वतंत्र नळीने मिळते की नाही, याची खातरजमा होईपर्यंत एकही झरोका बंद करू नये. अन्यथा विषारी धूर उलटा फिरून घरात येण्याचा धोका संभवतो. अशा यंत्रांच्या नळ्यांचा तपशील पुढील लेखांकी घेऊ.