मोटारीचा कॅम आणि झडपेची स्प्रिंग

मोटारीची ताकद वाढवायची म्हणजे पेट्रोल जास्त जाळायचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चूक नाही. पण पेट्रोल जळायला हवा लागते, आणि ती सिलिंडरात येते व्हॉल्व्हमधून, म्हणजे झडपेच्या दारातून. हे दार उघडण्याचे काम कॅमशाफ्टचे आणि ते मिटण्याचे काम स्प्रिंगचे. शर्यतीची हौस असलेली मंडळी कॅमच्या गोष्टी रंगवून सांगतात. आम्हांला आज स्प्रिंगची बाजू मांडायची आहे.

उदाहरणासाठी जपानच्या मित्सुबिशी कंपनीचे ४जी६३ हे इंजिन घेऊ. १९९२ साली निघालेल्या लॅन्सर इव्होल्यूशन गाडीत ते होते, आणि त्याच मालिकेतल्या गाड्या चालवून फिनलंडच्या टॉमी माकिनेनने १९९६ ते १९९९ अशी ओळीने चार वर्षे रॅलीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. चार सिलिंडर, १९९७ घन सेंटीमीटर, १६ झडपा, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट. शिवाय टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर फिरून ताजी हवा दाबून आत कोंबणारा पंखा.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. क्रँकचे मिनिटाला ७००० फेरे झाले, तर प्रत्येक झडप सेकंदाला ५८ वेळा उघडते आणि मिटते. कारखान्याचा मूळ कॅम गर्दीत, चढावर, थंडीत, सगळीकडे चालावा अशा बेताने घडवलेला असतो. त्याच्या जागी हौशी लोक २६४ किंवा २७२ अंशांचा कॅम बसवतात. हे अंश क्रँकचे मोजायचे. २७२ अंश म्हणजे क्रँकचा पाऊण फेरा होईपर्यंत झडप उघडी. वरच्या गतीला हवेला आत यायला वेळ थोडा असतो, तेथे याचा लाभ होतो. खालच्या गतीला मात्र इंजिन गचके खाते आणि टर्बो उशिरा जागा होतो. शिवाय हवा घेणारी आणि वायू सोडणारी अशा दोन्ही झडपा काही काळ एकदमच उघड्या राहतात. टर्बोच्या अलीकडे वायूचा दाब तुंबलेला असला, तर जळका वायू उलटा आत शिरतो. म्हणून बिनटर्बोच्या शर्यतीच्या गाडीचा कॅम जसाच्या तसा येथे चालत नाही.

आता स्प्रिंग. फेरे ७००० वरून ८००० केले, तर गती एक सप्तमांशाने वाढली. पण झडप माघारी फिरवायला लागणारे बळ वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते. मूळ स्प्रिंगने ते आणायचे कोठून? झडप कॅमची साथ सोडून तरंगू लागते. या इंजिनात झडपेची फट आपोआप भरून काढणारे, तेलावर चालणारे ॲडजस्टर आहेत. ते बिचारे ही खोटी फटही इमानाने भरतात, आणि झडप पुरती मिटतच नाही. दाब गळतो, झडप जळते. आणि वर येणाऱ्या पिस्टनशी तिची गाठ पडली, तर इंजिनच गेले.

टर्बोचे ओझे आणखी निराळे. हवा घेणाऱ्या झडपेचा व्यास ३४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस सेंटीमीटर. टर्बोचा दाब दर चौरस सेंटीमीटरला दीड किलो धरला, तर झडपेच्या पाठीवर उघडण्याच्या दिशेने साडेतेरा किलोंचा रेटा येतो. सिलिंडरात दाब नसेल त्या वेळी तो स्प्रिंगनेच पेलायचा. गती वाढवा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब सहसा केलेला नसतो; आमचा हा अनुभव केवळ इंजिनापुरता नाही.

मग स्प्रिंग वाटेल तेवढी कडक घालावी काय? तेही नव्हे. फाजील कडक स्प्रिंगने कॅम आणि रॉकर झिजतात. त्यापेक्षा एकात एक अशा दोन स्प्रिंगा घालतात. दोघींच्या कंपनाची गती वेगळी असल्याने दोघी एकदम बेताल होत नाहीत. स्प्रिंगच्या माथ्यावरची चकती टायटॅनियमची घेतली, तर वजन घटते आणि बळाची गरजही घटते.

उचल वाढवणारा कॅम असेल, तर झडप पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत ना, हे मापून घ्यावे. पेट्रोल आणि ठिणगी यांचा हिशेब नव्याने बसवावा लागतो, तो जाणत्याकडूनच. पण त्याआधी पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा थर द्यावा, क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवावा, आणि झडपेच्या ठशाखाली माती किती जाड उरली ते मोजावे. थर फार पातळ निघाला, तर कॅम उतरवून जुळणी पुन्हा पहिल्यापासून.