'जिना' हरवला तो दिवस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोथरूडमध्ये एका आर्किटेक्टचा इंटरव्ह्यू घेत होते. रेकॉर्डर चालू, प्रश्न तोंडपाठ. आणि मला 'जिना' हा साधा शब्द आठवेना! मी हातानं वर चढल्याची खूण केली. ते म्हणाले, "लिफ्ट?" मी हसून मान डोलावली आणि घरी येऊन ढसाढसा रडले. शब्दांवर तर माझं पोट चालतं!

तसं महिनोन्‌महिने काहीतरी चालूच होतं. स्कूटी कुठे लावली ते आठवायचं नाही, एकच मेल दोनदा जायचा. सकाळी बोटं आखडलेली, उन्हातून आलं की गाल लालभडक. फॅमिली डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस. आई म्हणाली, मोबाइल. (प्रत्येक आईचा लाडका आरोपी!)

शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठली. एएनए टेस्ट पॉझिटिव्ह, मग आणखी टेस्ट्स, मग नाव कळलं : ल्युपस. शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते. दहातले साधारण नऊ पेशंट बायका, बहुतेक ऐन करिअरच्या वयातल्या.

"पण सांध्यांच्या आजाराचा डोक्याशी काय संबंध?"

"मेंदू काय शरीराबाहेर असतो?" डॉक्टर मॅडम हसल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं १९९९ मध्ये ल्युपसमधल्या मेंदू, नसा आणि मनाच्या त्रासांची यादी केली. त्यात १९ प्रकार आहेत. फिट्स, स्ट्रोक, सायकोसिस... आणि हो, लक्ष न लागणं, विसरणंही. कधी सूज आणि अँटिबॉडीज, कधी रक्ताच्या गुठळ्या, तर कधी थकवा, अपुरी झोप, डिप्रेशन. माझा एमआरआय चक्क नॉर्मल आला. त्यावरून 'तुला काही झालेलं नाही' असं समजू नकोस, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आता रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (मूळचं मलेरियाचं औषध), सनस्क्रीन आणि ठरावीक काळानं डोळ्यांची तपासणी. डोक्यातल्या धुक्यावर खास अशी गोळी नाही. लिखाण सकाळी दहा ते एक, बाकी सगळं डायरीत.

सगळ्यात अवघड होतं एडिटरला सांगणं. फ्रीलान्सरवर 'विसरभोळी' असा शिक्का बसला की कामं बंद! ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "ठीक आहे, ब्रीफ फोनवर नको, मेल करत जाईन." बस्स, एवढंच.

परवा त्या आर्किटेक्टना फोन केला. तेव्हा लिफ्ट नाही, जिना विचारायचा होता म्हटलं.

"अहो, मग तेव्हाच नाही का विचारायचं? जिना तर मी तीनदा बदललाय!"

शनिवारी पुन्हा जातेय.