कमी बर्फ, जास्त धोका

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले होते. फेब्रुवारीत एकदाची जोरदार हिमवृष्टी झाली आणि २२ तारखेला तिथल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्या एका घटनेचं खापर कोरड्या जानेवारीवर फोडता येणार नाही. पण ‘यंदा बर्फ कमी, म्हणजे धोकाही कमी’ असं समजून हिमालयात हिवाळी ट्रेकला निघणाऱ्यांनी बर्फाचं गणित एकदा समजून घ्यायला हवं.

बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास असते. बर्फाचा पृष्ठभाग उणे २० अंशांवर असेल आणि थर दोन मीटर जाड असेल, तर तापमानातला फरक पडतो मीटरमागे १० अंश. तोच थर अर्धा मीटर असेल, तर मीटरमागे तब्बल ४० अंश! साधारण १० अंशांपुढे खेळ पालटतो. खालच्या उबदार कणांतून निघालेली वाफ वरच्या थंड कणांवर गोठत जाते. मूळचे नाजूक हिमकण नाहीसे होतात आणि कोनदार, पोकळ स्फटिक वाढू लागतात. हा बर्फ मुठीत घेतला, तर त्याचा गोळा होत नाही; जाड साखरेसारखा तो बोटांतून गळून जातो.

पुढे त्यावर ताजा बर्फ साचतो, वाऱ्याने घट्ट होतो. वरून सगळं भक्कम दिसतं. मग एका माणसाचं वजनही पुरतं. तळचा थर ‘वुम्फ’ असा दबका आवाज करून बसतो, तडा उतारभर पळतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर वरचा थर अखंड सुटतो. ओरडल्याने हिमकडे कोसळतात, ही सिनेमातली गोष्ट. हौशी भटक्यांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलनं त्यांच्या किंवा सोबत्यांच्या पावलांनीच सुरू होतात.

हे दडलेले थर शोधायचे कसे? १९३०च्या दशकात दावोसजवळ रॉबर्ट हेफेली या स्विस अभियंत्याने त्याचं सुंदर उत्तर दिलं. ते मृदायांत्रिकीतले. त्यांनी बर्फाकडे जमिनीसारखं पाहिलं. शंकूच्या टोकाची नळी बर्फात उभी करायची, तिच्यावर ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं आणि किती घावांत ती किती खाली गेली, ते मोजायचं. नळी एकदम खचली, की समजावं, इथे कमकुवत थर आहे. इमारतीच्या पायासाठी जमिनीची चाचणी घेतात, तीही याच तत्त्वावर! हिमकणांची मोहक छायाचित्रं काढणाऱ्या बेंटलींचं नाव पुस्तकांत सापडतं. हेफेलींचं मात्र क्वचितच. त्यांच्या कामाने किती जीव वाचले असतील!

सप्टेंबर २०२२ मध्ये लष्कर आणि डीआरडीओने उत्तर सिक्कीममध्ये बसवलेलं रडार हिमस्खलन तीन सेकंदांत टिपतं. जवानांसाठी ते मोलाचंच आहे. पण ते सुटलेला बर्फ पाहतं. सुटण्याच्या बेतात असलेला थर शोधायला आजही अशी नळी ठोकावी लागते किंवा फावड्याने खड्डा खणावा लागतो. अंगावरचं शोधयंत्रही गाडलं गेल्यानंतरच उपयोगी, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं उलटली, की जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते.

म्हणून ट्रेकच्या आयोजकांना ‘किती फूट बर्फ आहे?’ एवढंच विचारून थांबू नका. पहिला बर्फ कधी पडला, त्यानंतर किती दिवस कोरडी थंडी होती आणि वाटेवरच्या उतारावर खड्डा खणून कोणी पाहिला का, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो उतार टाळा.