टाकी २०० लिटरची, समुद्र २१,६०० मैलांचा

पृथ्वीचा परीघ किती, हे दर्यावर्दी माणसाला पाठ करावं लागत नाही. वर्तुळाचे अंश ३६०, एका अंशाच्या कला ६०, आणि पृथ्वीच्या पाठीवरची एक कला म्हणजे एक सागरी मैल. गुणाकार केला की २१,६०० मैल. शिडाच्या नौकेने जगप्रदक्षिणा केली असं म्हणायचं, तर किमान एवढं अंतर कापावं लागतं. आणि लांबच्या सफरींना निघणाऱ्या चाळीस फुटी नौकेच्या पोटात डिझेलची टाकी असते साधारण २०० लिटरची. काही नौकांवर ४००, क्वचित ६०० लिटरची. या दोन आकड्यांचा मेळ बसवायला निघालं की एकेक चक्रावणारी गोष्ट बाहेर पडते.

आधी एका लिटरकडे बघू. लिटरभर डिझेल जाळलं की सुमारे १० युनिट ऊर्जा मिळते; तेच विजेच्या बिलावरचं युनिट. त्यातली दोन तृतीयांश ऊर्जा गरम पाण्यावाटे आणि धुरावाटे निघून जाते आणि नौका ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यापर्यंत पोचतात तीन-सव्वातीन युनिटं. आता अठराव्या शतकात चला. आंग्र्यांच्या आरमारातल्या गलबतांवर ४० ते ५० वल्ही असत आणि वारा नसला तरी ती तासाला चार मैल चालत, असं तेव्हाचा इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहून गेला आहे. धडधाकट माणूस तासन्‌तास टिकवू शकतो ती ताकद साधारण ७५ वॅट. वल्ह्यामागे एकच गडी धरला तरी ४५ वल्हेकऱ्यांची ताकद होते सुमारे ३.४ किलोवॅट. म्हणजे अख्ख्या गलबताने घाम गाळत तासभर वल्हवायचं, तेवढं काम एक लिटर डिझेल करतं. २०० लिटरच्या टाकीत असे २०० तास भरलेले असतात. दिवसाचे आठ तास काम धरलं, तर सव्वाअकराशे माणसांचा एक दिवस त्या टाकीत मावतो.

एवढी ताकद हाताशी असताना नौका कुठवर जाईल? ते नौकेवर कमी आणि चालवणाऱ्याच्या घाईवर जास्त अवलंबून आहे. नऊ टनांची चाळीस फुटी नौका घ्या. समुद्र शांत आणि तळ शेवाळ-शिंपल्यांपासून स्वच्छ असेल, तर पाच नॉटला, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांच्या वेगाला, ती तासाला दीडेक लिटर डिझेल पिते. सहा नॉटला तीन लिटर. सात नॉटला सहा. नौकेगणिक आकडे थोडे हलतात, पण चाल हीच: नॉट वाढला एक, खप झाला दुप्पट. टाकीतले १८० लिटर वापरता येतात असं धरून मुंबईहून दक्षिणेला निघालात, तर पाच नॉटच्या संथ चालीने १२० तासांत ६०० मैल, म्हणजे कोचीपर्यंत पोचाल. सहा नॉटला ३६० मैल. आणि सात नॉटने दामटलीत तर ३० तासांत, २१० मैलांवर, मार्मागोव्याच्या वीसेक मैल अलीकडे टाकी कोरडी. तीच नौका, तीच टाकी, तेच इंजिन. फक्त दोन नॉटांच्या हव्यासापायी गोवासुद्धा गाठता येत नाही.

याचं कारण पाण्यात आहे. नौका चालते तेव्हा स्वतःची एक लाट उभी करते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेएवढी झाली की नाक एका माथ्यावर आणि शेपूट त्याच्या मागच्या माथ्यावर, अशी गत होते. त्यापुढे शेपूट खळग्यात घसरतं आणि नौका स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की ही मर्यादा कळते. ३६ फुटांचं वर्गमूळ ६, म्हणजे मर्यादा आठ नॉट. इंजिन कितीही मोठं बसवा, जादा डिझेल जातं ते बहुतेक लाट उंच करण्यात.

शिवाय २०० लिटरच्या टाकीत खरोखर २०० लिटर असतात, या भ्रमातही राहू नये. नौकेचा तळ निमुळता, म्हणून त्यात बसवलेली टाकीही बहुधा निमुळतीच. टाकीचा छेद इंग्रजी ‘व्ही’सारखा असेल, तर अर्ध्या उंचीपर्यंत भरलेल्या टाकीत निम्मं डिझेल नसतं; असतं फक्त पाव. काटा ‘अर्धा’ दाखवतो आणि आत असतात ५० लिटर. झाकण उघडून काठी बुडवली तरी काठीवरची ओली खूण तोच घोटाळा करते, कारण तीही उंचीच मोजते. म्हणून जाणता माणूस रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर ओतत जातो आणि दर वेळी काठीवर एक खाच पाडतो. खाली त्या खाचा लांब लांब पडतात, वर सरकतील तशा दाट होतात. काठी बघितली की टाकीचा आकार कळतो. तळाचे दहा-वीस लिटर तर हिशेबात धरायचेच नाहीत. तिथे हवेतल्या ओलाव्याचं पाणी साठतं, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर डिझेल खाऊन जगणारी बुरशी वाढते. समुद्र खवळला की हा गाळ ढवळून फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पातळी खाली गेलेली असेल, तर हेलकाव्यात नळीचं तोंड उघडं पडून इंजिन एअर घेतं आणि बंद पडतं. तेही अशा वेळी, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

आता जगप्रदक्षिणा इंजिनावर करून बघू, कागदावर. सहा नॉटने २१,६०० मैल म्हणजे ३,६०० तास, बरोब्बर १५० दिवस. डिझेल लागेल १०,८०० लिटर, म्हणजे ५४ टाक्या. त्याचं वजन होतं नऊ टन. नौकेचं स्वतःचं वजनही नऊच टन! आणि एवढा भार लादलेली नौका सहा नॉट गाठायला तासाला तीन लिटरवर भागवणार नाही, हे वेगळंच.

प्रत्यक्षात ही सफर झाली आहे, आणि वाऱ्यावर झाली आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ ५६ फुटी. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यावरून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेवरून, १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३, कुठल्याही बंदरात न थांबता फेरी पूर्ण केली. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ दरम्यान लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनी ‘तारिणी’वरून सुमारे २५,६०० मैल कापले. विनाथांबा फेरीत तर पुढे जाण्यासाठी इंजिन वापरायचंच नाही, हा नियम. तरी डिझेल लागतंच, विजेसाठी. बॅटऱ्या भरायला इंजिन रोज तासभर नुसतं घुरघुरत ठेवलं, तर दिवसाला दीड लिटर; १५० दिवसांत २२५ लिटर. पंखा एकदाही न फिरवता आमच्या चाळीस फुटी नौकेची टाकी संपली! त्या दीड लिटरमधल्या १५ युनिटांपैकी बॅटरीपर्यंत पोचतं जेमतेम दीड युनिट. सौर पट्ट्यांवर दर्यावर्दींचा जीव का, ते इथे कळतं.

वाऱ्याचा हिशेबही लिटरमध्ये मांडता येतो. १५ नॉटचा वारा प्रत्येक चौरस मीटरमधून २८० वॅट घेऊन जातो. ८० चौरस मीटर शीड उभारलं तर त्यातून २२ किलोवॅट वाहतात. त्यातले दहा जरी पदरात पडले, तरी तासाला तीन लिटर डिझेलची बचत. दिवसरात्र मिळून ७२ लिटर, रोज, फुकट.

दुसऱ्या टोकाला ‘एमा मार्स्क’. २००६ साली पाण्यात उतरलेल्या या कंटेनर जहाजाचं मुख्य इंजिन ८० मेगावॅटचं. पूर्ण ताकदीवर ते तासाला सुमारे १४,००० लिटर जड इंधन पितं. आमची २०० लिटरची टाकी त्याला ५१ सेकंद पुरेल. पण टनामागे भागाकार केला की चित्र उलटं होतं. दीड लाख टन भार २५ नॉटने नेताना टनाला मैलामागे चार मिलिलिटरही लागत नाहीत. सहा नॉटने चाललेल्या नऊ टनी नौकेला लागतात ५५. चौपट वेग आणि टनामागे पंधरावा हिस्सा खर्च! लांबी वाढली की लाटेची मर्यादा लांब सरकते, त्याचा हा प्रताप.

मग टाकी केवढी असावी? जुना पायंडा असा की एक तृतीयांश डिझेल अडीअडचणीसाठी राखून ठेवायचं. १८० मधून ६० बाजूला काढले की हाती उरतात १२० लिटर. विषुववृत्ताजवळच्या पडलेल्या वाऱ्याच्या पट्ट्यात ३०० मैल इंजिनावर काढायचे आहेत असं समजा. पाच नॉटने ६० तास आणि ९० लिटर, भागलं. सहा नॉटने ५० तास आणि १५० लिटर. राखीव साठ्याला हात लागला. वाचलेल्या प्रत्येक तासाची किंमत सहा लिटर. टाकी मोठी करण्याआधी हा भाव परवडतो का, ते एकदा बघावं.