मित्राची नवी स्क्रीन

मुलांनो, समजा, तुमच्या मित्राच्या घरी नवा लॅपटॉप आला आहे. त्याच्या अब्बांनी वर्षभर थोडे थोडे पैसे साठवून तो घेतला. तुम्ही लॅपटॉप पाहायला जाता. मित्राचा चेहरा मात्र उतरलेला असतो. तो हळूच म्हणतो, "स्क्रीन नीट दिसत नाही रे. अक्षरं पुसट, रंग फिके. पण घरी कसं सांगू? अब्बांना वाईट वाटेल."

अशा वेळी तुम्ही काय कराल? "छान तर आहे!" असे खोटे सांगू नका. "तुम्हांला फसवलं!" असे म्हणून त्याला घाबरवूही नका. आधी दोष कुठे आहे, ते शोधा. दोष तीन प्रकारचा असू शकतो. सेटिंग चुकलेले असेल, स्क्रीनमध्ये बिघाड असेल किंवा स्क्रीनच हलक्या प्रकारची असेल.

हे ओळखण्यासाठी स्क्रीन कशी चालते, ते थोडे समजून घ्या. बहुतेक लॅपटॉपच्या स्क्रीनमागे पांढरा दिवा असतो. त्याच्यापुढे काचेच्या दोन पातळ थरांमध्ये 'द्रव स्फटिक' नावाचा पदार्थ असतो. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे काही गुण स्फटिकासारखे असतात. 1888 साली ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांना असा पदार्थ प्रथम आढळला. विजेचा दाब बदलला की द्रव स्फटिकाची रचना बदलते. त्यामुळे खिडकीच्या झडपेप्रमाणे प्रकाश कमीजास्त करता येतो. स्क्रीनवर असे लाखो ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. या तिघांच्या मिश्रणातून सारे रंग दिसतात.

आता तपासणीला लागा. प्रथम सेटिंग पाहा. चार्जर काढल्यावर पुष्कळ लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी उजेड आपोआप कमी करतात. उजेड वाढवून पाहा. रात्रीसाठी असलेले पिवळसर प्रकाशाचे सेटिंग चालू असेल, तर ते बंद करा. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन पाहा. रिझोल्यूशन म्हणजे आडव्या व उभ्या ठिपक्यांची संख्या. ही संख्या स्क्रीनवरच्या खऱ्या ठिपक्यांपेक्षा कमी ठेवली, तर चित्र ताणले जाते आणि अक्षरे पुसट होतात. ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असेल, तोच निवडा. खिडकी पाठीमागे असेल, तर लॅपटॉपची जागाही बदला. खिडकी बाजूला आली की स्क्रीनवरची चकाकी कमी होते.

दुसरी तपासणी बिघाडाची. संपूर्ण स्क्रीनवर आधी पांढरे, मग काळे चित्र लावा. कुठे न बदलणारा ठिपका, रेघ किंवा डाग दिसतो का? दिसला तर त्याचा फोटो काढा आणि पावती जपून ठेवा. वस्तू बदलून देण्याची मुदत थोडी असते. म्हणून उशीर करू नका. एखादा ठिपका बिघडला, तर काही कंपन्या स्क्रीन बदलून देत नाहीत. त्यामुळे अटीही वाचा. दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर घरातील मोठ्यांना तक्रार करता येते.

तिसरी तपासणी सोपी आहे. स्क्रीनकडे समोरून पाहा, मग बाजूने आणि खालून पाहा. खालून पाहताना चित्र काळवंडले किंवा रंग उलटे दिसले, तर ती स्क्रीन बहुधा 'टीएन' प्रकारची आहे. ही स्वस्त असते. 'आयपीएस' प्रकारात बाजूनेही रंग फारसे बदलत नाहीत. ठिपक्यांची संख्याही पाहा. 1366 × 768 च्या स्क्रीनवर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. 1920 × 1080 च्या स्क्रीनवर ते वीस लाखांहून अधिक असतात.

हा फरक उर्दू वाचताना चटकन जाणवतो. बे, पे आणि ते यांच्यातला फरक केवळ नुक्त्यांचा आहे. नस्तालीक लिपीतले बारीक नुक्ते कमी ठिपक्यांच्या स्क्रीनवर एकमेकांत मिसळतात. मराठीतला अनुस्वारही असाच हरवतो. अशा वेळी अक्षरे मोठी करा आणि स्क्रीनचा कोन डोळ्यांसमोर नीट जुळवा. घरात टीव्ही असेल, तर केबलने लॅपटॉप त्याला जोडता येतो. स्क्रीन स्वतः उघडू मात्र नका.

हलक्या प्रकारची स्क्रीन सेटिंग बदलून चांगली होत नाही. हे मित्राला स्पष्ट सांगा. पण त्याच लॅपटॉपवर अभ्यास उत्तम होऊ शकतो, हेही सांगा. मग त्याच्याबरोबर अब्बांकडे जा. दोष दाखवणे म्हणजे त्यांच्या कष्टांना नावे ठेवणे नव्हे. मुदत संपण्याआधी खरे कळले, तर त्यांचे पैसे वाचतील. गोड खोटे बोलून मित्राचे दुःख लपते, पण दूर होत नाही.

स्वाध्याय
1. मित्र घरी सांगायला का घाबरत होता?
2. रिझोल्यूशन म्हणजे काय?
3. तुम्ही मित्राच्या जागी असता, तर अब्बांना काय सांगितले असते? चार-पाच वाक्यांत लिहा.